दोधूमामांचा पहिला नंबर

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला आणि तुम्ही पाकिटावरचा शिक्का बघून तो मोजणार, म्हणून आधीच कबूल करतो. फोन केला असता. पण फोनवर माझं निम्मं बोलणं ऐकू येतं, उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता आणि त्यातून भांडणं होतात, असं तुम्हीच सांगितलंत. तेव्हापासून आमच्या ऑफिसात पोस्टाची तिकिटं विकत घेणारा मी एकटाच आहे. पोस्टातल्या बाई आता मला नावाने ओळखतात.

दिवाळीला प्रकाशाला तुमच्याकडे आलो आणि भाऊबीजेच्या संध्याकाळीच निघालो, ते मनाला लागून राहिलंय. दामिनीला साखरपुड्याचे फोटो दाखवायचे होते, मामींनी चिवडा बांधायला घेतला होता आणि मी गाडी चुकेल म्हणून पळालो. दामिनीला सांगा, लग्नाला आठवडाभर आधी येतो.

आपला वाद मात्र मी पुण्यात घेऊन आलोय. आम्ही मित्र सध्या एकाच गोष्टीवरून भांडतोय, की जगातला सगळ्यात मोठा स्टँडअप कॉमेडियन कोण. दहा जणांची यादी दर आठवड्याला बदलते. तुमच्या कानात इयरफोन घालून मी ते दहाही जण दाखवले आणि तुम्ही दिलेले गुण इथे सगळ्यांना वाचून दाखवले. काळ्या शर्टवाल्या अमेरिकनाला शंभरपैकी बावन्न, शिव्या वजा केल्यास बरा. दिल्लीच्या चष्मेवाल्याला साठ. ज्याला आम्ही डोळे मिटून पहिला ठेवतो त्याला पस्तीस, काठावर पास, कारण तो तासभर बायकोवर बोलला आणि बायको तिथे नव्हती. मित्र हसून लोळले. पहिला नंबर तुम्ही कोणाला दिलात हे सांगितल्यावर तर अजूनच लोळले.

मामा, दोधूमामांवर माझं प्रेम आहे. आईच्या गावचे सगळेच मामा, पण मे महिन्याच्या सुट्टीत मला जीपमध्ये भोंग्यांशेजारी बसवून तळोद्यापर्यंत नेणारे तेच. पण लग्नात माईकवर आहेर वाचणारा माणूस स्टँडअप कॉमेडियन कसा होईल? मांडवातले लोक हसायला तयारच असतात. खिशातले पैसे देऊन, हाताची घडी घालून बसलेल्या अनोळखी माणसांना हसवणं म्हणजे खरी कसोटी. मी महिन्यातून एकदा एका कॅफेत ओपन माईक चालवतो. तिथे कोणीही यावं, पाच मिनिटं उभं राहून बोलावं. आणा तुमच्या पहिल्या नंबरला. मग बघू.

मामींना नमस्कार. लोभ ठेवा, गुण मात्र हातचे राखून देऊ नका.

आपला भाचा,
ललित

*

प्रकाशा,
५ डिसेंबर २०२४

चि. ललित यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलेलं नाही. चिवड्याचं तू मनावर घेऊ नकोस, तो आम्ही संपवला.

मांडवातले लोक हसायला तयार असतात हे तुला कोणी सांगितलं? अर्धे लोक मान मिळाला नाही म्हणून फुगलेले असतात, उरलेल्यांना भूक लागलेली असते. त्यांच्यापुढे आमचा दोधू उभा राहतो. भोंगे त्याचे, मांडव त्याचा, माईक त्याचा. मला आता कानाने कमी ऐकू येतं, पण दोधूच्या भोंग्याखालची खुर्ची मी कोणाला देत नाही.

उदेसिंगच्या लग्नात चुनीलालने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. दोधूने जाहीर केलं की या घड्याळाचं हे तिसरं लग्न आहे, आता ते वाट न विचारता मांडवात येतं, तेव्हा त्याला वेगळं पान वाढा. सगळ्यात मोठ्याने चुनीलाल हसला. मी नवरदेवाला पुस्तकं दिली, तर दोधूने नवरदेवाला धीर दिला की घाबरू नको, गुरुजी परीक्षा घेणार नाहीत. आणि तू त्या दिवशी पुण्याहून चकचकीत बूट घालून आलास, तेव्हा त्याने काय केलं ते विसरलास वाटतं. आमनी शांतीबाईना पोऱ्या उना, असं तुझ्या आईचं नाव घेऊन ओरडून त्याने सांगितलं की मुलगा कमावता आहे, बिनलग्नाचा आहे, मुलींच्या बापांनी आचाऱ्याच्या चुलीजवळ चौकशी करावी. तू लाजून लाल झालास. तुझी आई पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या कॉलनीत परत गेल्यावर शेजारणींना आठवडाभर तेच सांगत होती.

माझी परीक्षा एकाच प्रश्नाची आहे. ज्याची थट्टा केली, तो स्वतः हसला का? तुझ्या दहा जणांच्या बाबतीत ते कळायला मार्गच नाही, कारण ज्याची थट्टा चालते तो तिथे नसतोच.

तुझं निमंत्रण मी दोधूला वाचून दाखवलं. तो आधी नाहीच म्हणाला. त्याचं म्हणणं, ज्याले मी वळखत नही, त्यानी मस्करी कशी करू. लग्नाआधी तो दोन्हीकडच्या घरी जाऊन चहा पितो, कोण कोणाचा साला, कोण कोणाचा व्याही, कोणाच्या घरी नुकतं दुःख झालंय ते विचारून येतो. ज्याला ओळखत नाही त्याचं नाव तो साधं वाचतो, आदराने, आणि पुढे जातो. मी त्याला म्हटलं की पुण्याचे लोकही माणसंच आहेत. दोन दिवस मागे लागलो तेव्हा कुठे तयार झाला. मला तुझ्यापुढे जिंकायचं होतं हे मी लपवत नाही.

तर कळव, काय तयारी करायची. तुझ्या दहा जणांना म्हणावं, सांभाळून राहा.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे, आणि तुझ्यावर माया, दोन्ही आहेत.

तुझा मामा,
छगन

*

पुणे,
१३ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. ५ जानेवारी, रविवार, दुपारी चार वाजता. शहाद्याहून ट्रॅव्हल्सने पाठवा, उतरून घ्यायला मी येतो, मुक्काम माझ्या खोलीवर.

दोनतीन गोष्टी त्यांना नीट सांगा. वेळ पाच मिनिटं. समोरच्याला नाव, गाव, कोणाचा कोण, असं काही विचारायचं नाही. इथे लोकांना ते आवडत नाही, जात काढतायत असं वाटतं. आणि भाषा जरा सगळ्यांना समजेल अशी. इथे अहिराणी कोणाला कळत नाही.

बाकी त्यांनी दिलखुलास बोलावं. लोभ आहेच, हरल्यावरही राहू द्या.

आपला भाचा,
ललित

*

पुणे,
९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दोधूमामा सुखरूप पोचले असतील. तुम्ही दिलेली केळी, पापड आणि पत्र मिळालं. केळी मित्रांनी तिथेच संपवली.

कार्यक्रम ठीक झाला. जागा लहान आहे, त्या दिवशी थंडीही होती आणि इथले लोक मुळातच जरा आखडलेले. पण शेवटी चांगला हशा झाला. दोधूमामांनी नवा पांढरा सदरा घातला होता, छान दिसत होते. रात्री जेवायला बाहेर जाऊ म्हटलं तर भूक नाही म्हणाले. मग मी खिचडी टाकली, दोघांनी खाल्ली. सकाळी लवकर उठून त्यांनी माझ्या पंख्याची सैल झालेली वायर नीट केली.

यादीचं म्हणाल तर आमच्यात अजून एकमत नाही. मला आता वाटतं, चष्मेवाला तिसऱ्यावर यायला हवा. माणसाची निरीक्षणशक्ती चांगली आहे. काळ्या शर्टवाल्याबद्दल तुमचं बरोबर होतं, शिव्या काढल्या तर फार उरत नाही. तुम्ही नव्याने काही पाहिलं असेल तर गुण कळवा. मी अजून दोघांची नावं चिठ्ठीवर लिहून पाठवतो, दामिनी मोबाईलवर लावून देईल.

ऑफिसात कामाचा बोजा आहे. एवढंच.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

आपला भाचा,
ललित

*

प्रकाशा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. ललित यास,
अ. उ. आ.

पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की हात थांबायचा. आज लिहूनच उठायचं ठरवलंय.

दोधू पुण्याहून आला त्या दिवशी मी बसस्थानकावर गेलो होतो. कसं झालं विचारलं तर तुझंच कौतुक करत बसला. भाचानी सगळास्ले हसाडं, असं चारचौघांत सांगितलं. स्वतःचं काय झालं ते सांगेना. मला वाटलं, प्रवासाने दमला असेल.

मग लग्नं सुरू झाली. पहिलं लग्न आमच्याच गल्लीत. मी भोंग्याखालची खुर्ची धरून बसलो. दोधूने आहेर वाचायला घेतला. अमुक यांच्याकडून साडी, आभारी आहोत. तमुक यांच्याकडून परात, आभारी आहोत. सरकारी कचेरीत पुकारा करतात तसं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चुनीलालने तर मुद्दाम पुन्हा घड्याळ आणलं होतं. तेही दोधूने साधं वाचलं. चुनीलालचा चेहरा उतरला. पुढच्या लग्नात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मी विचारलं तर म्हणाला, मन्हा गळा बठेल शे. गळा बसलेला माणूस इतकं स्पष्ट वाचत नाही, ललित.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. तुझं पत्र आल्यावर मी त्याला रोज संध्याकाळी तापीच्या घाटावर घेऊन बसायचो. त्याची पाच मिनिटं मी लिहून काढली. त्याने शे म्हटलं की मी आहे म्हणायला लावायचो. मन्हा म्हटलं की माझा. एकदा तो मध्येच आपल्या बोलीत सुटला आणि घाटावरची कपडे धुणारी बाईसुद्धा हसली, तर मी त्याला रागावलो, की पुण्यात हे चालणार नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मी पाचवीच्या पोरासारखं पाठ करायला लावलं. आयुष्यभर वर्गात हेच केलं, आणि मुलं घाबरून गप्प बसायची हेही मी बघितलेलं होतं. तरी केलं. जिंकायची हौस, दुसरं काय.

तेव्हा दोष माझा आहे. त्याच्या तोंडातली भाषा मी काढून घेतली आणि आता तो गप्प आहे. मला झोप लागत नाही. दामिनीचं लग्न १८ एप्रिलला धरलंय. तळोद्याचे व्याही, भाईदासभाऊ, माणूस चांगला पण हसणं ठाऊक नाही. दामिनी लहानपणापासून म्हणत आली की माझ्या लग्नात दोधूकाका काय बोलतील. परवा ती मला म्हणाली की ते असंच वाचणार असतील तर माईकच नको. मी तिला काय सांगू?

तू तिथे होतास. मी शिकवलेलं त्याने किती म्हटलं, कुठे अडला, ते मला नीट लिही. मला कळलं पाहिजे.

उत्तराची आणि तुझी, दोन्हीची ओढ आहे.

तुझा मामा,
छगन

*

पुणे,
१० फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनचार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, कारण तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. मग घाटावर बसलेले तुम्ही दोघं डोळ्यांपुढे आलात आणि मी जेवण तसंच टाकून उठलो.

दोष तुमचा नाही. काय झालं ते लिहितो.

दोधूमामांनी तुम्ही लिहून दिलेलं म्हणायला सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही. कोणी हसलं नाही. लोक वाईट नव्हते, मन लावून ऐकत होते, शाळेत बक्षीस समारंभाला ऐकतात तसं. दोन मिनिटांनी ते थांबले. मला वाटलं विसरले. पण ते विसरले नव्हते, ते लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मग ते खाली वाकले आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलाला प्रेमाने विचारलं, तू कोना पोऱ्या शे, तुन्हा मामानं गाव कोनतं. तो मुलगा गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माझे मित्र बसले होते, ज्यांना मी महिनाभर सांगत होतो की आमच्या गावाकडे एक जबरदस्त माणूस आहे. मी पुढे होऊन त्यांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो की माफ करा, आमच्याकडे हसण्याआधी सातबारा दाखवावा लागतो. लोक हसले. ते हसले म्हणून मी पुढे गेलो. दोधूमामा म्हणाले होते तेच वाक्य त्यांच्याच आवाजात, हेल काढून म्हणून दाखवलं. अजून हसले. मग म्हणालो की हे आमच्या जिल्ह्यातले पहिल्या नंबरचे विनोदवीर, यावरून दुसऱ्या नंबरची कल्पना करा. मामा, दोन वर्षं मी तिथे बोलतोय, एवढा हशा मला कधीच मिळाला नव्हता. तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला दिवस होता असं मित्र अजून म्हणतात.

दोधूमामा शेजारीच उभे होते. तेही हसले. हात जोडले, लोकांना नमस्कार केला आणि खाली जाऊन बसले. तुमची परीक्षा एकाच प्रश्नाची ना? ज्याची थट्टा केली तो हसला. म्हणजे तुमच्या नियमाने पहिला नंबर माझा. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

रात्री मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच मला खिचडीत तूप वाढलं आणि म्हणाले की बेस झायं. मला वाटलं, मिटलं. सोयीचं होतं म्हणून तसं वाटलं. तुम्हाला लिहिताना मी सगळं गाळलं आणि चष्मेवाल्याचा नंबर लिहिला.

मी कॅफेतला कार्यक्रम बंद केलाय. त्याने काही होत नाही, मला कळतं. दोधूमामांना फोन करू का, की येऊन भेटू? तुम्ही सांगाल ते करतो.

लोभ मागायचं तोंड आज नाही.

ललित

*

प्रकाशा,
१ मार्च २०२५

चि. ललित यास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. मामीला वाचून दाखवलं नाही.

फोन करू नकोस. माफी मागितलीस तर दोधू लगेच देईल, आणि तुझं काम भागेल, त्याचं नाही. लग्नाला ये.

माझी परीक्षा चुकली हे मान्य. तो हसला का, एवढं विचारून भागत नाही. घरी गेल्यावर तो पुन्हा कोणाची थट्टा करू शकला का, तेही विचारायला हवं होतं. इतकी वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या, पण हा प्रश्न सुचला नाही.

तुझ्यावर रागावलोय. पण शिकवायला मीच बसलो होतो, हे विसरत नाही.

छगन

*

पुणे,
२४ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल पोचलो. दामिनीची पाठवणी होऊन घर रिकामं झालं असेल. मामींनी बांधून दिलेला चिवडा या वेळी घेऊन आलोय.

तुम्ही माईकवर जाऊन बसलात तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. दोधूभाऊंचा गळा बसलाय, मुलीचा बाप म्हणून आहेर मीच वाचतो, असं तुम्ही जाहीर केलंत आणि चष्मा लावून आडनाव आधी, नाव नंतर, अशी सुरुवात केलीत. पाटील चुनीलाल, असं तुम्ही म्हटलंत आणि मागून चुनीलालभाऊ हजर म्हणून ओरडले. मग तर रांगच लागली. तुमचे सगळे जुने विद्यार्थी एकेक करून उभे राहून हजर म्हणत होते आणि तुम्ही न हसता पुढचं नाव वाचत होतात. एकाला तर तुम्ही उशीर का झाला म्हणून विचारलंत. शेजारी बसलेल्या दोधूमामांचे खांदे हलायला लागले, ते मी बघितलं. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. तुमच्या हातातून माईक घेऊन ते म्हणाले, गुरुजी, हाई लगीन शे, हजेरी नही. मांडव असा हसला की मामी रडायलाच लागल्या. तुम्ही ते मुद्दाम केलंत का, ते मला कळवा.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. दोधूमामांनी वाचलं, व्याही भाईदासभाऊंकडून दागिने आले, कपडे आले, हसू अजून आलेलं नाही, आल्यावर जाहीर करू. ते ऐकून भाईदासभाऊंच्या मिशा हलल्या, तेव्हा दोधूमामांनी खरंच जाहीर केलं, की व्याह्यांकडून हसू एक नग, पोचलं. दामिनी डोक्यावरचा शेला सावरत हसत होती. नवरदेव भाग्येशच्या मामांना तर त्यांनी सोडलंच नाही.

आता माझं लिहितो. मी आहेरात भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. तुम्ही ते बघितलंत तेव्हाच तुम्हाला समजलं असणार. मी मुद्दामच आणलं होतं. घड्याळावर बोलायला त्यांना काही शोधावं लागलं नसतं. पुण्याची वेळ दाखवतं म्हणाले असते, गाडी पकडायला पळणाऱ्याने घड्याळ दिलं म्हणाले असते, माझ्या बुटांवर, लग्नावर, काहीही. मी तिसऱ्या रांगेत बसून वाट बघत होतो. सगळा मांडव वाट बघत होता. घड्याळ हा शब्द ऐकताच लोक आधीच हसायला लागले होते.

दोधूमामांनी कागद जरा लांब धरला. श्रीयुत ललितराव, पुणे, यांच्याकडून एक घड्याळ, आभारी आहोत. आणि पुढचं नाव घेतलं.

हसायला लागलेले लोक थांबले. आईने माझ्याकडे पाहिलं. शांतीबाईना पोऱ्या नाही, भाचा नाही, श्रीयुत ललितराव. मामा, त्या मांडवात चारपाचशे माणसं होती आणि त्यांनी आदराने फक्त माझं नाव वाचलं. नंतर मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जेवलात का विचारलं. जेवलास का नाही, जेवलात का. लहानपणी ज्यांच्या मांडीवर बसून मी माईकमध्ये फुंकर मारायचो, त्यांनी.

त्यांचा राग असेल तर मी सहन करेन. तुम्ही एकदा विचाराल का?

तुम्ही दिलेला लोभ पुरवून वापरतोय.

आपला भाचा,
ललित

*

प्रकाशा,
६ मे २०२५

चि. ललित यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोधू मांडवाचे राहिलेले बांबू न्यायला आला होता. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी मुद्दाम केलं असं गावात सगळे म्हणतात. मी तसं म्हणू देतोय. खरं एवढंच की त्याच्या जागी कोणी तरी हसण्यासारखं दिसायला हवं होतं, आणि या घरात तो मान माझा होता. हातात नावांचा कागद आला की मला हजेरीच घेता येते.

दामिनी काल येऊन गेली. तुझं घड्याळ तळोद्याला बैठकीच्या खोलीत लावलंय. भाईदासभाऊ त्याच्याकडे बघून स्वतःशीच हसतात म्हणे, आता सवय लागली आहे.

दोधू अंगणात बसून वायर गुंडाळत होता. मी बांबू मोजत असल्यासारखं केलं आणि मध्येच विचारलं, की सगळ्यांची खेचलीस, आपल्या ललितला का सोडलंस, पोरगा घड्याळ घेऊन बसला होता. तुझं पुण्यातलं मला ठाऊक आहे हे मी त्याला कळू दिलं नाही.

त्याला राग नाही. मी त्याला पोरवयापासून ओळखतो, राग असता तर मला दिसला असता. त्याने वायरचा वेढा पुरा केला, गाठ मारली, आणि इतक्या साधेपणाने बोलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. म्हणाला, ज्याले मी वळखत नही, त्यानी मस्करी कशी करू.

त्याने चहा घेतला आणि गेला.

मेच्या शेवटी कुंदनचं लग्न आहे, पुरुषोत्तमनगरला, तुझ्या आईच्या घराजवळ. दोधूला भोंगे बांधायला माणूस कमी पडतोय. दोन दिवस आधी ये. आहेर आणू नकोस, माईकजवळ जाऊ नकोस. शिडी धर, वायर ओढ, तो सांगेल ते कर. तुझी यादी तिथेच पुण्यात राहू दे.

माया आहे, ती कुठे जात नाही. ओळख मात्र तुला पहिल्यापासून करून घ्यावी लागेल.

तुझा मामा,
छगन